एका वर्गात चार बोली: सांगली-साताऱ्यातल्या नव्या बालवाडी ताईंसाठी

अंगणवाडीत किंवा बालवाडीत नव्यानं रुजू होणाऱ्या ताईंना प्रशिक्षणात गाणी, गोष्टी, बैठे खेळ, वजन-उंचीच्या नोंदी असं सगळं शिकवलं जातं. पण जतच्या पूर्व भागात पट उघडला की बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड असतं. मिरजेच्या जुन्या गल्ल्यांत दखनी, कुपवाड एमआयडीसीजवळच्या खोल्यांत हिंदी आणि भोजपुरी. दिवाळीच्या सुमारास वाळवा, पलूस, कराडकडे ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या की बीडकडची मराठी आणि बंजारा घरांतली गोरबोली एकदम दारात येऊन उभी राहते. विटा, खानापूर, आटपाडीकडं आणखी वेगळंच असतं. आईवडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी तमिळनाडूत किंवा उत्तरेत असतात, मूल आजीपाशी आणून ठेवलेलं असतं, आणि ते तमिळमध्ये पाणी मागतं. अशा वर्गात काय करायचं, कशाच्या आधी काय करायचं आणि कुठं घोटाळा होतो, ते इथं दिलं आहे.

बहुसांस्कृतिक शिक्षण म्हटलं की बऱ्याच ठिकाणी २६ जानेवारीची वेशभूषा डोळ्यांपुढं येते: एक पंजाबी, एक बंगाली, एक काश्मिरी. पोरांना मजा येते, येऊ द्या. पण त्याच वर्गात कोपऱ्यात बसलेल्या कन्नड मुलीचं घर त्या कार्यक्रमात कुठंच नसतं. म्हणून सुरुवात पटावरच्या नावांपासून करा. तीन-चार वर्षांच्या मुलाला काश्मीर कळत नाही. शेजारी बसलेला गडी भाकरीला काय म्हणतो, ते कळतं.

पहिले दोन आठवडे: प्रत्येक घराचं एक पान

दोनशे पानी वही घ्या आणि एका मुलाला एक पान द्या. घरी जाऊन किंवा आई सोडायला आली की उभ्या उभ्या सहा गोष्टी विचारून लिहा.

१. घरात हाक काय मारता? पटावर ‘मोहम्मद’ने सुरू होणारं लांब नाव असेल आणि घरात सगळे ‘सोहेल’ म्हणत असतील. आई म्हणते तसं नाव, तिच्याच उच्चारात लिहा.

२. घरात कोण कुठल्या बोलीत बोलतं? आई, बाप, आजी, मोठी भावंडं अशी वेगवेगळी नोंद हवी. आई कन्नड, बाप मराठी आणि आजी दोन्ही, अशी घरं सीमाभागात भरपूर.

३. तहान, भूक, शी-शू, दुखतंय, झोप आली, आई पाहिजे: हे मूल कसं सांगतं?

४. काय खात नाही? घरच्या रीतीमुळं काय आणि तब्येतीमुळं काय, हे वेगळं लिहा. शेंगदाण्यानं अंगावर पुरळ येत असेल तर ती ओळ लाल पेनानं.

५. झोपवताना काय म्हणता, काय गाता?

६. इथं कुठल्या महिन्यापर्यंत आहात आणि नंतर कुठं?

जात आणि धर्म या पानावर विचारू नका. सरकारी नोंदीत जे लागतं ते त्या नोंदीपुरतं ठेवा. वर्गात उपयोगी पडणारं सगळं वरच्या सहा उत्तरांत येतं. आणि ज्या घरानं नुकतीच तुमची ओळख करून घेतली आहे, त्या घरात पहिलाच प्रश्न जातीचा गेला की पुढची उत्तरं आखडून येतात.

ऊसतोडीच्या घरांना गाठायचं असेल तर वेळ सांभाळा. तोडणारी जोडी पहाटे अंधारात फडात जाते आणि गाडी भरून देईपर्यंत परतत नाही. दिवेलागणीनंतर चुली पेटल्या की कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर जा, किंवा बाजाराच्या दिवशी जा. मुकादमाला ओळख द्या, नमस्कार करा, पण उत्तरं आईकडूनच घ्या. मुकादम उभा असला की बायका ‘तुम्ही म्हणाल तसं’ एवढंच बोलतात. गलाईवाल्या घरात आजीशी बोलून भागत नाही. आजीच्याच फोनवरून मुलाच्या आईशी पाच मिनिटं बोला, कारण मूल कुठल्या शब्दांवर वाढलं ते तिला माहीत असतं.

हाक मारताना ‘आक्का’ हा शब्द इथं फार कामाला येतो. मराठी घरात चालतो, कन्नड घरात तर तो आपलाच. मुस्लिम घरात ‘भाभी’ किंवा ‘आपा’ म्हणा, आणि आजीला सगळीकडं आजीच म्हणा.

शब्दांचा तक्ता

वहीतल्या तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं एका मोठ्या कार्डशीटवर उतरवा. डावीकडं मराठी शब्द, पुढं प्रत्येक बोलीचा रकाना. दहा-बारा शब्दांच्या वर जाऊ नका. हा तक्ता मुलांसाठी नाही, तुमच्यासाठी आणि मदतनीस ताईंसाठी आहे. म्हणून तो मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाण्याच्या माठाजवळ लावा.

जतकडच्या कन्नडमध्ये सुरुवातीला एवढं पुरे: पाण्याला ‘नीर’, जेवणाला ‘ऊटा’, पाहिजेला ‘बेक’, नकोला ‘ब्याड’, पुरेला ‘साक’, ये म्हणायला ‘बा’, बस म्हणायला ‘कुंद्र’, आईला ‘अव्वा’. पुस्तकातलं कन्नड याहून थोडं वेगळं दिसतं; मुलाच्या कानाला ओळखीचं तेच ठेवा. तमिळमध्ये पाण्याला ‘तण्णी’, पुरेला ‘पोदुम’, ये म्हणायला ‘वा’. गोरबोलीत आई म्हणजे ‘याडी’. वडार घरांमध्ये तेलुगूच्या जवळची बोली असते, पण ती गावागणिक बदलते. तिथं आईनं सांगितलं तेच लिहायचं.

आता वापरायचं कसं, ते नीट पाहा. मूल रडत दारात उभं आहे. तुम्ही खाली बसता, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येता आणि म्हणता, ‘नीर बेक? पाणी पाहिजे? चल, पाणी पिऊ.’ हातानं माठ दाखवता. आधी घरचा शब्द, लगेच मराठी, आणि मराठी पूर्ण वाक्यात. हे दिवसातून आठ-दहा वेळा सहज घडतं, आणि काही आठवड्यांत मूल ‘पाणी’ आपणहून म्हणू लागतं. ‘म्हण बघू, पा-णी’ असं वदवून घेऊ नका. चार जणांसमोर वदवून घेतलं की लाजरं मूल पाणी मागायचंच थांबतं.

दोन चुका इथं हमखास होतात. पहिली, उत्साहाच्या भरात मुलाला उभं करून ‘हिला कन्नडमध्ये विचारा, किती छान बोलते’ असं सगळ्यांना दाखवणं. मुलगी शोभेची वस्तू होते आणि मधल्या वेळात बाकीची तिच्या शब्दांची नक्कल करून हसतात. दुसरी, एखाद्या चुणचुणीत मुलाला कायमचा दुभाषा करून टाकणं. पाच वर्षांच्या मुलाला दिवसभर दुसऱ्याची गाऱ्हाणी पोचवायला लावलं तर त्याचा स्वतःचा खेळ बुडतो. अडलं तर एखादवेळी विचारा, रोज नको.

मराठीतल्या मराठीतही हेच पाळा. आपल्याकडं रोजच्या खाण्यातली ती चपाती, आणि पोळी म्हटलं की पुरणाची. चित्रांच्या पुस्तकात मात्र चपातीच्या चित्राखाली ‘पोळी’ छापलेलं असतं. मुलानं ‘चपाती’ म्हटलं तर ते चूक नाही. ‘हो, चपाती. काही गावांत हिला पोळी म्हणतात’ असं सांगून पुढं जा. बीडकडच्या मुलांची वाक्यांची ढबही दुरुस्त करू नका. ती ढब म्हणजे त्यांच्या आजीचा आवाज आहे.

मूल बोलतच नाही, तेव्हा

नवी भाषा कानावर पडू लागली की बरीच लहान मुलं काही आठवडे, कधी काही महिने, गप्प राहतात. ऐकत असतात, बघत असतात, खुणेनं उत्तर देतात. याला घाबरून जाऊ नका आणि ‘मंद आहे’ असा शेरा तर कुठंही लिहू नका. या काळात न बोलता भाग घेता येईल अशी कामं द्या: ताटल्या वाटणं, ओळीत चपला लावणं, गाण्यातल्या हातवाऱ्यांचं नेतृत्व. पहिला शब्द बहुतेक वेळा गाण्यातून नाहीतर खेळातल्या भांडणातून येतो.

खरी अडचण कशी ओळखायची? आईला एकच विचारा: घरी, घरच्या बोलीत, हे मूल वयाप्रमाणं बोलतं का, हाकेला वळतं का? घरी भडाभडा बोलत असेल तर वर्गातली शांतता भाषेच्या बदलाची आहे. घरीही बोलत नसेल, मागून हाक मारली तरी वळत नसेल, कान वाहत असेल, तर वाट पाहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, त्या यादीत नाव घाला. पथक यायला वेळ असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा.

आणि पालकांना ‘आता घरी मराठीच बोला’ असा सल्ला देऊ नका. आईला ज्या भाषेत गोष्ट सांगता येते, रागावता येतं, लाड करता येतात, तीच भाषा मुलाला विचार करायला शिकवते. आईचं तोडकं मराठी ऐकून मुलाचं मराठी सुधारत नाही. उलट घरातलं बोलणंच कमी होतं. कोणी विचारलं की मराठी वर्गात कन्नड शब्द कशाला, तर सांगा की २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, दोन्ही लहान वयात घरच्या भाषेवर भर देतात. मिसळ बोलणं, म्हणजे ‘मला नीर दे’, हेही बिघाडाचं लक्षण नाही. दोन भाषा मुलाच्या हाताशी आल्याची ती खूण आहे.

भातुकलीचा कोपरा

वर्गात पैसे कमी आणि जागा कमी असेल तर सगळ्यात आधी हा कोपरा उभा करा. सहा बाय सहा फूट जागा पुरते. बाजारातला गुलाबी प्लॅस्टिकचा किचन सेट आणू नका. त्यातल्या गॅस-ओव्हनचा कोपीवरच्या मुलाशी काही संबंध नसतो. तीन विटांची चूल, दोन जर्मनची पातेली, एक तवा, लाकडी काठवट, चाळणी, एखादी छोटी किटली, रिकामे धुतलेले मसाल्याचे डबे. कपड्यांत जुन्या लुगड्याचा दोन मीटर तुकडा, एक ओढणी, एक गांधी टोपी, एक जाळीची टोपी, एक पटका, दोन टॉवेल. प्रत्येक घरातून एक वापरलेली, स्वच्छ, न फुटणारी वस्तू मागवा. कोपरा दोन-तीन आठवड्यांत भरतो. काचेचं, गंजकं, औषधांचं काही आलं तर नम्रपणे परत पाठवा.

एक जुनी चादर आणि दोरी मात्र हवीच. तिचं पाल होतं, कोपी होते, आणि मुलं सगळ्यात जास्त वेळ तिथंच घालवतात.

ऊसतोडीची मुलं इथं ऊसतोड खेळतात. पुठ्ठ्याचा कोयता, कागदाच्या गुंडाळ्यांचा ऊस, मोळी बांधायची, गाडी भरायची, काट्यावर वजन करायचं. काही ताईंना वाटतं, हा खेळ थांबवावा, नाहीतर मूल त्याच धंद्यात जाईल. थांबवू नका. मूल आपल्या आईबापाचं काम समजून घेतंय, आणि गावातला बागायतदाराचा मुलगा पहिल्यांदाच त्याला विचारतोय की मोळी कशी बांधतात. वर्गात ज्याला काहीच येत नाही असं सगळ्यांना वाटत होतं, तो त्या दिवशी शिकवणारा होतो. तुम्ही फक्त भाषा पुरवा: किती मोळ्या, जड कुठली, हलकी कुठली, आधी कोण, मग कोण. पूर्वतयारीचं गणित तेच आहे.

कातडीचे रंग

तीन वर्षांच्या मुलाला रंगातला फरक दिसतो आणि मोठ्यांचे ‘गोरी’, ‘काळू’ हे शब्दही ऐकू येतात. पेटीतल्या खडूंमध्ये मात्र ‘अंगाचा रंग’ म्हणून फिकट गुलाबीच असतो आणि सगळी मुलं स्वतःला त्यानंच रंगवतात. यावर एक सकाळ घालवा.

वीस मुलांसाठी साहित्य: चार चमचे गेरू, चार चमचे रामरज (पिवळी माती), सहा-सात चमचे खडूची बारीक पूड, एक चमचा वस्त्रगाळ केलेली कोळशाची पूड, आणि कपभर पातळ खळ. खळ कणकेची असेल तर दोन दिवसांत आंबते, म्हणून त्याच दिवशी शिजवा. गेरू आणि रामरज खळीत कालवून पाच बशांत सारखं वाटा. पहिल्या दोन बशांत खडूची पूड जास्त-कमी, मधली तशीच, शेवटच्या दोन बशांत कोळशाची चिमूट-चिमूट. कोळसा एकदम घातला तर सगळं राखाडी होतं, चिमटीनंच वाढवायचा.

मुलांनी मनगटाच्या आतल्या बाजूला बोटभर रंग लावून बघायचा आणि आपल्याला जुळणारी बशी शोधायची. कोणाचीच अगदी जुळत नाही, मग दोन बशा मिसळाव्या लागतात. मुलांच्या खरं ध्यानात येतं ते इथंच. आपल्या रंगाला नावही त्यांनाच ठेवू द्या. गुळाचा, चहाचा, भाजक्या शेंगदाण्याचा अशी नावं ती पटापट काढतात. तुम्ही कुठल्याही रंगाला ‘छान’ म्हणू नका, कारण एकाला म्हटलं की बाकीचे चार ‘छान नाहीत’ होतात. ज्या मुलाच्या हातावर खरचटलं आहे किंवा पुरळ आहे, त्याला कागदावर जुळवायला द्या.

जेवण आणि पंगत

खिचडी, उसळ, लापशी जे असेल ते, बसण्याची जागा रोज बदला. मुलं आपापल्या वस्तीप्रमाणं ओळ धरतात. ती ओळ तशीच राहिली तर काही महिन्यांत पक्की होते. चिठ्ठीवर चित्र काढा, दोन सारख्या चित्रांची जोडी शेजारी बसेल. सातारा जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह काढलं, त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत.

ज्या केंद्रात अंडं दिलं जातं किंवा डब्यात येतं, तिथं जैन आणि लिंगायत घरांतली काही मुलं ते खात नाहीत. त्यांना वेगळ्या ओळीत बसवू नका. त्याच ओळीत, त्याच वेळी केळं किंवा जे ठरलं असेल ते द्या. ‘शी, अंडं!’ असं कोणी म्हटलं तर त्याच क्षणी, आवाज न चढवता सांगा: ‘तुझ्या घरी खात नाहीत, त्याच्या घरी खातात. जेवणाला शी म्हणायचं नाही.’ रमजानमध्ये लहान मुलं रोजा धरत नाहीत, पण घरातली मोठी माणसं धरतात. दुपारी आई थकलेली असते. त्या महिन्यात पालकसभा सकाळी ठेवा.

पाण्याचा माठ, ओगराळं आणि पेले यांवर बारीक लक्ष हवं. कोण कोणाच्या पेल्यातून पीत नाही, कोण कोणाशेजारी बसायला नको म्हणतं, हे मूल स्वतःहून शिकत नाही. असं दिसलं तर मुलाला रागवून उपयोग नाही, आणि दुर्लक्ष करूनही चालत नाही. पेले सगळ्यांचे एकसारखे, नावाशिवाय ठेवा, वाढण्याचं काम रोज वेगळ्या मुलाला द्या, आणि त्या घरी संध्याकाळी जाऊन स्पष्ट बोला. जातीवरून कोणाला हाक मारणं, ‘पारध्याचा’, ‘उसतोडीचा’ असं म्हणणं, हे मदतनीस, पालक, अगदी गावातले प्रतिष्ठित पाहुणे यांच्याकडूनही वर्गात चालू देऊ नका. ‘ताई, त्याचं नाव घ्या’ एवढंच म्हणायचं, दर वेळी म्हणायचं.

सण: मातीच्या बैलापासून

सण साजरे करायची सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फसवी पद्धत म्हणजे यादी करून प्रत्येकाला एक दिवस देणं. त्यात गणपती आठ दिवस चालतो आणि ईद पाच मिनिटांत आटोपते. मुलांना हे बरोबर कळतं. त्यापेक्षा एकच धागा घ्या आणि तो वेगवेगळ्या घरांत कसा जातो ते दाखवा.

बैलाचा धागा इथं फार चांगला चालतो. सीमाभागात कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला असतो, आपला महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात आणि मराठवाड्याकडचा पोळा श्रावणी अमावास्येला. बैल एकच, दिवस तीन. जूनमध्ये एकदा बैल बनवा. ऊसतोडीची मुलं तेव्हा इथं नसतात, म्हणून ती आली की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुन्हा बनवा, आणि ‘तुमच्याकडं बैलाला कसं सजवतात?’ हा प्रश्न त्यांना विचारा. बैलगाडीच्या टोळीतल्या मुलाला शिंगं, गोंडे, झूल, वेसण सगळं हाताला माहीत असतं.

पंचवीस मुलांना पाच किलो माती लागते, प्रत्येकी मुठीएवढी. नुसती काळी माती घेऊ नका. ती वाळताना आकसते आणि बैल पोटात फुटतो. नदीकाठची पोयट्याची माती उत्तम. नाही मिळाली तर काळ्या मातीत निम्मी बारीक वाळू-माती चाळून घाला. आदल्या संध्याकाळी भिजवून मळा आणि ओल्या पोत्याखाली ठेवा. बोटाला चिकटत असेल तर जास्त ओली, वाकवल्यावर कडा फाटत असेल तर कोरडी. पाय वेगळे करून चिकटवले की वाळल्यावर गळतात. त्याच गोळ्यातून चार पाय ओढून काढायला शिकवा, आणि ते आखूड, जाड ठेवायला सांगा. शिंगं लावायचीच असतील तर जोडाच्या दोन्ही बाजूंना काडीनं रेघोट्या मारून मातीचं पातळ पाणी लावा. दोन-तीन दिवस सावलीत वाळवा. उन्हात ठेवलेला बैल दुपारपर्यंत तडकतो आणि मग रडारड.

मोठ्या गटाला, पाच वर्षांच्या पुढच्यांना, जिल्ह्यातल्याच गोष्टी सांगा. कडेगावचे उंच ताबूत उचलायला हिंदू-मुसलमान दोघांचे खांदे लागतात. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत चार दशकांहून अधिक काळ गणपती मशिदीत बसतो. ही माणसं मुलांच्या गावाजवळची आहेत, म्हणून गोष्ट टिकते.

मिरजेत असाल तर तंतुवाद्याच्या कारागिराला वर्गात बोलवा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कारागिराला फक्त एक वाळका भोपळा आणि एक तयार तंबोरा आणायला सांगा. भाषण नको. मुलांनी भोपळ्यावर टिचकी मारायची, आत डोकवायचं, मग तंबोऱ्याच्या भोपळ्याला कान लावून तार ऐकायची. पाच-पाच मुलांचे गट, प्रत्येकी सात-आठ मिनिटं. पंचवीस जणांना एकदम बसवलं तर पुढच्या रांगेलाच ऐकू येतं.

गाणी आणि गोष्टी

पाचव्या प्रश्नाला मिळालेल्या अंगाईंमधून आठवड्याला एक निवडा. आईची परवानगी घेऊन मोबाईलवर अर्ध्या-पाऊण मिनिटाचं रेकॉर्डिंग करा. झोपेच्या वेळी ते लावा. मूल आईचा आवाज वर्गात ऐकून कधी रडतं. मांडीवर घ्या, बंद करायची घाई नको. हे रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकू नका. आईनं ते वर्गासाठी दिलेलं असतं. गोष्टींसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या मोफत संकेतस्थळावर एकच चित्रकथा मराठी, कन्नड, उर्दू अशा भाषांत मिळते. आधी मराठीत सांगा, दोन दिवसांनी तीच गोष्ट कन्नड येणाऱ्या आजीकडून. गोष्ट माहीत असल्यानं मराठी मुलांनाही ती पुरी कळते.

हंगामी मुलांचं येणं-जाणं

टोळी उतरली की कागदपत्रांची वाट न पाहता मुलाला आत घ्या. नाव आधी कच्च्या वहीत, मग पर्यवेक्षिकेशी बोलून पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर. स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हलवण्याची सोय त्यात आहे. ही मुलं पहाटेच उठलेली असतात, म्हणून आल्या आल्या काहीतरी खायला आणि अर्धा तास झोपायला सतरंजी द्या. उपाशी आणि पेंगणाऱ्या मुलाला वर्तुळात बसवून गाणं म्हणायला लावू नका. आठ-नऊ वर्षांची मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन आली तर तिला दारातून परतवू नका. धाकट्याला ठेवून घ्या, तिच्याशी शाळेचं बोला, आणि तिचं नाव जवळच्या प्राथमिक शाळेच्या गुरुजींना त्याच दिवशी कळवा.

गावातली मुलं आणि नवी मुलं पहिल्या आठवड्यात आपोआप मिसळत नाहीत. दोघांनी मिळूनच होईल अशी कामं लावा: चादर दोन टोकांनी धरून चेंडू उडवणं, पाण्याची बादली दोघांनी उचलणं. एकट्यानं जिंकायचे खेळ सध्या बाजूला ठेवा.

जाण्याची तयारी फेब्रुवारीच्या शेवटी सुरू करा. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की टोळी रातोरात निघते आणि सकाळी तुमच्या हातात फक्त रिकामी सतरंजी असते. प्रत्येक मुलासाठी अर्ध्या पानाचा कागद आधीच लिहून ठेवा: नाव आणि घरची हाक, घरची बोली, शेवटचं वजन-उंची आणि तारीख, लसीकरणाचा पुढचा डोस, काय खात नाही, कुठली गाणी येतात, कशानं शांत होतं. सोबत त्याचं एक चित्र. एक प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लसीकरण कार्डाबरोबर आईकडं द्या आणि गावच्या अंगणवाडीत दाखवायला सांगा. दुसरी तुमच्या फाईलला लावा, कारण बऱ्याच टोळ्या पुढच्या हंगामातही त्याच कारखान्यावर येतात, आणि तेव्हा त्या मुलाला तुम्ही घरच्या नावानं हाक मारू शकता.